सरकारी पैशातून झालेल्या सुरक्षा संशोधनाचा परतावा: नेमकं मोजायचं काय?

तळटीप

नमस्कार मंडळी. संशोधन प्रकल्पांच्या मूल्यमापनाचे अहवाल तयार करणं हे माझं रोजचं काम. मागच्या महिन्यात निधी देणाऱ्या एका कार्यालयाकडून फॉर्म आला. संगणक सुरक्षेवरच्या एका प्रकल्पाला पाच वर्षं सरकारी पैसे मिळाले होते, त्याचं फलित त्यात भरायचं होतं. एक रकाना होता, ‘टळलेले आर्थिक नुकसान (रक्कम)’. भरणं सक्तीचं. शून्य टाकलं की फॉर्म पुढे सरकत नाही, आणि ‘सांगता येत नाही’ असं लिहायला जागा नाही. माझ्या आधी ज्यांनी हा फॉर्म भरला होता त्यांनी एका विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून ‘एका हल्ल्याचा सरासरी खर्च’ उचलला होता, त्याला हल्ल्यांच्या अंदाजे संख्येनं गुणलं होतं आणि आलेलं उत्तर रकान्यात टाकलं होतं. तीच रक्कम पुढे अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापली गेली.

मला हे फार लागलं. जे घडलंच नाही त्याची किंमत अशी गुणाकार करून काढता येत नाही. हल्ला झाला नाही तो या संशोधनामुळे, की हल्लेखोराला दुसरीकडे सोपं सावज मिळालं म्हणून, हे त्या रकमेतून कसं कळणार?

म्हणून आधी कुणी हे नीट मोजलंय का ते शोधलं. सगळ्यात उपयोगी वाटलं ते एईएस या एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी करण्याच्या, मानकाचं उदाहरण. त्याआधीचं डीईएस हे मानक १९७७ चं, त्याची किल्ली फक्त ५६ बिटांची. १९९८ मध्ये एका नागरी हक्क संघटनेनं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि ५६ तासांत डीईएसची किल्ली शोधून दाखवली. त्याच्या आदल्या वर्षीच अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं नव्या मानकासाठी जगभरातून प्रस्ताव मागवले होते. १५ आले, त्यातले ५ अंतिम फेरीत पोचले, आणि ऑक्टोबर २००० मध्ये दोन बेल्जियन संशोधकांचा राइनडाल हा अल्गोरिदम निवडला गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये तो एईएस या नावानं अधिकृत झाला. आज तुमच्या वायफायपासून बँकेच्या व्यवहारापर्यंत तो सगळीकडे आहे.

२०१८ मध्ये निस्टनं या कामाच्या आर्थिक परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वेक्षणात ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यापुरताच हिशोब केला तर लाभ-खर्च गुणोत्तर २९ ला १ येतं. तोच हिशोब सगळ्या अर्थव्यवस्थेला लावला तर १९७६ ला १, म्हणजे वीस वर्षांत साधारण २५० अब्ज डॉलर. एकच अभ्यास, एकच मानक, आणि उत्तरात जवळजवळ सत्तर पटींचा फरक. तो फरक कुठून येतो ते वाचताना माझं मत पक्कं झालं. असे अभ्यास टळलेल्या हल्ल्यांवर उभे राहत नाहीत. निस्टनं पुढाकार घेतला नसता तर काय झालं असतं, हा त्यांचा पाया. प्रत्येक कंपनीनं आपापला अल्गोरिदम तपासत बसायचं, एकाचं उपकरण दुसऱ्याशी बोलत नाही म्हणून मध्ये जोडकाम करायचं, आणि सगळ्यांना मान्य होईल असं काही उभं राहायला आणखी काही वर्षं जायची. वाचलेली वर्षं आणि वाचलेली दुबार मेहनत. मोजायचं असेल तर हे मोजा, असं मला वाटतं.

तुम्हाला काय वाटतं? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

कुलूपबंद

चांगला धागा. माझा अनुभव लिहितो, बघा उपयोगी पडतो का.

मी बरीच वर्षं एका मोठ्या संस्थेत सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. नाव सांगत नाही. सुरुवातीला आमच्याकडे प्रत्येक माणसाला प्रत्येक सिस्टिमचा अ‍ॅक्सेस वेगवेगळा द्यावा लागे. नवीन माणूस रुजू झाला की त्याच्या साहेबाची मेल यायची: ‘याला अमक्यासारखे हक्क द्या.’ तो ‘अमका’ बारा वर्षं जुना, तीन विभाग फिरून आलेला, आणि प्रत्येक विभागातले हक्क त्याला चिकटलेले. ते सगळे नव्याला जशेच्या तसे. कोणते हक्क खरंच लागतात हे विचारायला गेलं तर उत्तर यायला आठवडा. तोवर नवा माणूस खुर्चीत बसून. एक मुलगी मला आठवते, पहिले चार दिवस रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची, ‘आज होईल का?’ म्हणून. तिचा पगार चालू होता, काम शून्य.

मग भूमिकेनुसार अ‍ॅक्सेस देण्याची पद्धत आली. माणसाला हक्क द्यायचे नाहीत, भूमिकेला द्यायचे आणि माणसाला भूमिकेत बसवायचं. विभाग बदलला की जुनी भूमिका काढली, नवी दिली. तासाभराचं काम. ही कल्पना निस्टच्याच दोन संशोधकांनी १९९२ मध्ये औपचारिकपणे मांडली होती, हे मला फार नंतर कळलं. आणि तिच्या आर्थिक परिणामाचाही अभ्यास झालाय, एकदा २००२ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये. त्यात फायद्याचे आकडे मुख्यतः बसले ते अ‍ॅडमिनच्या वाचलेल्या वेळावर आणि नव्या कर्मचाऱ्याच्या फुकट जाणाऱ्या तासांवर. घुसखोरी किती कमी झाली हे आकड्यात बसवणं कठीणच गेलं.

म्हणजे त्या मुलीचे चार दिवस हिशोबात आले. बारा वर्षांचे चिकटलेले हक्क चुकीच्या हातात गेले नाहीत, ते आले नाही. तळटीप ताई, तुमच्या म्हणण्याला हे धरून आहे. पण सुरक्षा संशोधनातला सुरक्षेचा भागच हिशोबाबाहेर राहिला, याची मला चुटपुट आहे.

ओंजळ

मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे, सुरक्षेतलं फारसं कळत नाही. एक शंका. कंपन्यांना हॅकिंगमुळे तोटा होतो, तर त्या स्वतःच संशोधनावर खर्च का करत नाहीत? त्यासाठी करदात्यांचा पैसा कशाला?

आकडेमोड

ओंजळ, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे.

गॉर्डन आणि लोब या दोन अभ्यासकांनी २००२ मध्ये एक प्रारूप मांडलं. त्यांच्या गृहीतकांनुसार एखाद्या कंपनीनं माहितीच्या सुरक्षेवर खर्च करणं फायद्याचं ठरतं ते अपेक्षित नुकसानाच्या फार तर ३७ टक्क्यांपर्यंत, आणि बरेचदा त्याहून पुष्कळ कमी. लक्षात घे, हे कंपनीचं स्वतःचं नुकसान. तिच्या सर्व्हरवरून दुसऱ्यांवर हल्ला झाला, तिच्या ग्राहकाची ओळख चोरीला गेली, तर ते तिच्या खात्यात धरलेलं नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यात पडतं. म्हणून कंपनी आपल्यापुरतं शहाणपणानं वागली तरी समाजाच्या दृष्टीनं खर्च कमीच पडतो. शिवाय एन्क्रिप्शनचा चांगला अल्गोरिदम एकानं शोधला की तो सगळ्यांना फुकट मिळतो, आणि मिळायलाच हवा, कारण गुप्त ठेवलेला अल्गोरिदम कुणी तपासलेला नसतो. मग शोधणाऱ्या कंपनीच्या हातात काय उरलं? सरकार इथे येतं ते त्यासाठी.

आता तळटीप यांना. तुमची दिशा मला पटते, पण तीन ठिकाणी पाय घसरू शकतो आणि तिन्ही गंभीर आहेत.

सर्वेक्षणातून सगळ्या अर्थव्यवस्थेकडे झेप घेताना दोन-चार मोठी उत्तरं सगळा आकडा ओढून नेतात. सायबर गुन्ह्यांच्या तोट्याच्या सर्वेक्षणांवर २०११ मध्ये फ्लोरेन्सिओ आणि हर्ली यांनी नेमकी हीच टीका केली होती: एका माणसानं आपला तोटा फुगवून सांगितला की गुणाकारात तो एकटाच देशाचा आकडा ठरवतो. २९ आणि १९७६ या दोन आकड्यांमधली दरी त्याच जातीची आहे. मी असतो तर पहिलाच छापला असता.

श्रेयाचं काय? राइनडाल करणाऱ्यांपैकी एक जण ल्यूव्हेनच्या विद्यापीठात होता, दुसरा खासगी कंपनीत. त्यांच्या डोक्यात ते ज्ञान भरण्याचा खर्च बेल्जियमनं केला. हरलेल्या चौदा संघांनी आपापल्या खर्चानं एकमेकांचे अल्गोरिदम फोडायचा प्रयत्न केला, आणि त्या मारामारीतूनच विजेत्यावर विश्वास बसला. भागाकार करताना खाली फक्त निस्टचा खर्च ठेवला तर वरची संख्या मोठी दिसणारच.

आणि तिसरं म्हणजे निवड. आपण यशस्वी झालेल्या प्रकल्पांचाच परतावा मोजतो. ग्रिलिचेस यांनी १९५८ मध्ये संकरित मक्याच्या संशोधनाचा परतावा काढला, वर्षाला किमान ७०० टक्के. संशोधनाचा परतावा मोजण्याच्या अभ्यासांत ते काम पायाचं मानतात, आणि गणित चोखच आहे, पण मका हा जिंकलेला घोडा होता. सुरक्षेत न जिंकलेले किती?

ओंजळ

धन्यवाद दादा. आणखी एक. हे फायदे वीस-वीस वर्षांनी येतात, मग त्यांची आजची किंमत कशी धरतात? आम्हाला वर्गात शिकवलेल्या सूटदरानं तर ते फारच आकसतील.

आकडेमोड

आकसतातच. अमेरिकेतल्या असल्या अभ्यासांत बराच काळ ७ टक्के वास्तव (महागाई वगळलेला) दर वापरायची प्रथा होती. त्या दरानं वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभराची आजची किंमत सुमारे २६. तीन टक्के धरलास तर ५५. म्हणजे संशोधन तेच, फायदा तोच, पण एका आकड्याच्या निवडीनं परतावा निम्म्याहून खाली येतो. सुरक्षेत याचा फटका जास्त बसतो. केंब्रिज विद्यापीठ आणि एसआरआय ही अमेरिकी संशोधन संस्था यांचं चेरी नावाचं काम बघ. मेमरीतल्या चुकांचा गैरफायदा प्रोसेसरच्याच पातळीवर रोखायचा, ही त्यामागची कल्पना. डार्पा या अमेरिकेच्या लष्करी संशोधन संस्थेच्या पैशावर २०१० मध्ये सुरू झालं. नंतर ब्रिटिश सरकारनं आपल्या कार्यक्रमात ७ कोटी पौंड घातले, उद्योगांनी आणखी ११.७ कोटी कबूल केले, आणि प्रोसेसरचे आराखडे करणाऱ्या आर्म कंपनीचा प्रायोगिक बोर्ड आला २०२२ मध्ये. बारा वर्षं, आणि अजून तो तुमच्या-आमच्या फोनमध्ये नाही. पण मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांतल्या सुमारे ७० टक्के सुरक्षा त्रुटींचं मूळ याच मेमरीच्या चुकांत असतं. पाच वर्षांच्या फॉर्ममध्ये हे बसवून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही.

उत्तररात्र

सगळे फायद्याबद्दल बोलताय. उणे परताव्याबद्दल बोलल्याशिवाय हा हिशोब प्रामाणिक होणार नाही.

सरकारी पैशातून त्रुटी शोधण्याचं संशोधनही होतं, आणि सापडलेली त्रुटी दडवून ठेवली जाते. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडे विंडोजमधल्या अशाच एका त्रुटीचा गैरफायदा घेणारं हत्यार होतं, इटर्नलब्लू. ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडं पडलं. मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच ती त्रुटी बुजवणारा पॅच दिला होता, पण सगळ्यांनी कुठे तो लावला होता? मे महिन्यात तेच हत्यार वापरणारं वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांच्या सुमारे १९,००० भेटी रद्द झाल्या, आणि तिथल्या आरोग्य खात्यानं खर्चाचा अंदाज दिला ९.२ कोटी पौंड. जूनमध्ये नॉटपेट्या, तेही त्याच हत्याराच्या जोरावर पसरलेलं. एकट्या मर्स्क या जहाज कंपनीनं २५ ते ३० कोटी डॉलर तोटा सांगितला, आणि अमेरिकी सरकारच्या अंदाजानं जगभरातला एकूण तोटा १० अब्ज डॉलरच्या वर गेला. रुग्णालयाच्या दारातून ज्यांना परत पाठवलं त्यांचा हिशोब कुठल्या रकान्यात घालणार आहात? मला याचा खरंच राग येतो.

दुसरं, गुप्तता परतावा खाते. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस यांनी १९७० च्या सुमारास सार्वजनिक किल्लीच्या एन्क्रिप्शनची (कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना उघड, उघडायची फक्त एकाकडे) कल्पना मांडली. क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये त्याची प्रत्यक्ष पद्धत शोधली, आज आपण जिला आरएसए म्हणतो जवळपास तीच. सगळं कपाटात बंद. अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये, आणि रिव्हेस्ट, शामिर, एडलमन यांनी १९७७ मध्ये तेच पुन्हा, उघड्यावर शोधलं. इंटरनेटवरचा सगळा व्यापार उभा राहिला तो या दुसऱ्या शोधावर. ब्रिटिश करदात्यानं पैसे दिले, शोध आधी लागला, आणि व्यापाराला त्याचा उपयोग शून्य. आपण काय केलं होतं हे जगाला कळायच्या काही आठवडे आधी, १९९७ च्या नोव्हेंबरात एलिस वारले. माझ्या मते परताव्याचा पहिला प्रश्न ‘किती खर्च केला’ हा नाहीच. ‘उघड केलं का’ हा आहे.

कुलूपबंद

उत्तररात्र, शंभर टक्के सहमत. पॅच मार्चमध्ये आला होता हे तुम्ही लिहिलंत, तिथे मला थोडं थांबायचंय. आम्ही तो वेळेत लावला होता, पण पंधरा रात्री जागून. काही यंत्रं पॅच लावल्यावर चालूच होईनात, ती बाजूला काढून हाताखालून घातली. या रात्रींचा खर्चही त्या हत्याराच्या खात्यात टाका. जिथे काहीच घडलं नाही तिथेही तो झालाय.

शिवाय बचावाचा खर्च हल्लेखोराच्या कमाईपेक्षा कितीतरी पट असतो. रॉस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सायबर गुन्ह्यांचा खर्च मोजला होता. २०१० मध्ये जगातलं एक तृतीयांश स्पॅम पाठवणाऱ्या एका बॉटनेटच्या (ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या) मालकांना मिळाले सुमारे २७ लाख डॉलर. स्पॅम अडवण्यावर जगाचा खर्च बहुधा एक अब्ज डॉलरच्या वर. त्यांचा निष्कर्ष असा की बचावाच्या तयारीवर कमी आणि गुन्हेगारांना पकडण्यावर जास्त खर्च करायला हवा. संशोधनाचा पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

रानवाट

पहिल्यांदाच लिहितेय, आजवर नुसती वाचत होते. आकडेमोड यांनी विचारलं की न जिंकलेले किती. मी कूटलेखनात संशोधन करते, म्हणून हे माझ्या अगदी जवळचं आहे.

क्वांटम संगणकापुढे टिकतील असे अल्गोरिदम निवडायला निस्टनं २०१६ मध्ये प्रक्रिया सुरू केली. त्यात साइक नावाचा एक सुंदर प्रस्ताव होता. किल्ल्या छोट्या, गणित देखणं, त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं घालवली. जुलै २०२२ मध्ये ल्यूव्हेनच्याच दोन संशोधकांनी तो फोडला. सगळ्यात लहान आवृत्ती साध्या प्रोसेसरच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात. ज्या दिवशी तो पेपर आला त्या दिवशी आमच्याकडे कुणी दुसरं काम केलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण त्याच विषयावर प्रबंध लिहीत होती. तिनं पेपर छापून घेतला, पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून पडताळायला बसली, आणि संध्याकाळी म्हणाली, “बरोबर आहे.” एवढंच.

फॉर्मच्या भाषेत हा प्रकल्प अयशस्वी. पण तो फुटला कधी? मानक व्हायच्या आधी, कोट्यवधी उपकरणांत बसायच्या आधी. ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं प्रसिद्ध झाली त्यात तो नाही, आणि जी आहेत त्यांच्यावर आज विश्वास टाकता येतो तो अशा फोडाफोडीमुळेच. साइक बनवणाऱ्यांचा आणि फोडणाऱ्यांचा खर्च यशस्वी मानकांच्या खर्चात मिळवायला हवा, आणि त्या मानकांचा फायदा या सगळ्यांत मिळून वाटायला हवा. एकेक प्रकल्प सुटा काढून गुणोत्तर लावलं की हे दिसतच नाही.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या निक्टा या सरकारी निधीवरच्या संस्थेनं २००९ मध्ये एसईएल-फोर हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा गणितानं सिद्ध करून दाखवला. सी भाषेतल्या साधारण ८,७०० ओळी, आणि त्या बरोबर आहेत याची सिद्धता दोन लाख ओळींची. पुढे डार्पाच्या प्रकल्पात तो चालकरहित हेलिकॉप्टरवर बसला. आणि २०२१ मध्ये निक्टाची जागा घेतलेल्या सरकारी संस्थेनं त्या गटाचा पाठिंबा काढून घेतला. नंतर त्याच कामाला एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. फायदा देशाबाहेर आणि उशिरा दिसला की देणाऱ्याला तो आपला वाटत नाही.

आकडेमोड

रानवाट, तुमचा मुद्दा मान्य. मी ‘न जिंकलेले’ म्हणालो ते खर्चाच्या बाजूनं. ते विजेत्याच्या किमतीचा भाग आहेत हे मी नीट मांडलं नव्हतं. मग मोजमापाचं एकक प्रकल्प धरून चालणार नाही, निधीचा पूर्ण कार्यक्रम धरावा लागेल. गुणोत्तर खाली येईल, पण ते खरं असेल.

उत्तररात्र यांचा उणे परतावाही त्याच ताळेबंदात हवा. अडचण इतकीच, की बचावाचं संशोधन आणि हत्यारांचं संशोधन वेगवेगळ्या खात्यांतून चालतं आणि दुसऱ्याचा खर्च छापलाच जात नाही.

तळटीप

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कुलूपबंद दादा, तुमची चुटपुट मलाही आहे. सुरक्षेचा भाग आकड्याबाहेर राहतो हे खरं. पण मला तो खोट्या आकड्यात आणण्यापेक्षा शब्दांत लिहिलेला चालेल: ‘या पद्धतीमुळे सोडून गेलेल्या माणसाचे हक्क त्याच दिवशी बंद होतात.’ वाचणाऱ्याला त्याचं वजन कळतं. रानवाट यांच्यामुळे माझं एक मत बदललं. मी वाचलेली वर्षं मोजा म्हणत होते, पण साइकनं कुणाचं वर्षही वाचवलं नाही. त्यानं एक चूक बाहेर जाण्याआधी पकडून दिली. त्याला माझ्या मोजपट्टीत जागा नव्हती, ती करावी लागेल.

फॉर्म अजून माझ्याकडेच आहे, मुदत शुक्रवारपर्यंत. त्या कार्यालयाला कळवलंय की सक्तीच्या रकान्यात मी रक्कम लिहिणार नाही, त्याऐवजी दोन पानांची पुरवणी जोडेन. अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान प्रकल्पातल्या लोकांना तीन प्रश्न पाठवले: तुमची लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) बाहेर पहिल्यांदा कुणी वापरली आणि कधी? ती नसती तर त्यांनी काय वापरलं असतं? आणि वाटेत तुम्ही काय काय टाकून दिलं, का?

आज दुपारी त्यातल्या एकाचं उत्तर आलं. पहिल्या दोन प्रश्नांना चार ओळी. तिसऱ्याला सहा पानं, आणि खाली लिहिलंय की हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती पानं आता वाचायला घेते आहे.